झिम्ब्रावरून डव्हकॉटवर मेलबॉक्स न्यायचे आहेत, ६२ युजर, कोणी केलं आहे का?

हिंगणा_एकटाच

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीचं आयटी मी एकटा पाहतो, एकटा म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आमच्याकडे झिम्ब्रा ८.८.१५ ओपन सोर्स हा मेल सर्व्हर चालू आहे, तेही सेंटओएस ७ या लिनक्सवर. झिम्ब्राच्या त्या व्हर्जनचा सपोर्ट डिसेंबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा जून २०२४ ला, म्हणजे वरून पण उघडे आणि खालून पण उघडे. मालकांना कधीपासून सांगून राहिलो पण मशीन चालू आहे ना मग कायले हात लावता हेच उत्तर, आता ऑडिटवाल्यांनी कागदावर लिहून दिलं तेव्हा हाव म्हणाले.

नवीन सेटअप असा ठरवला आहे: मुंबईच्या डेटासेंटरमधला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), त्यावर डेबियन १२ लिनक्स, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट, वेबमेलला राउंडक्यूब. झिम्ब्राच्या स्टोअर फोल्डरवर डीयू (डिस्कवर किती जागा गेली ते मोजणारी कमांड) मारलं तर ३८० जीबी दाखवते. सगळ्यात मोठा डबा, म्हणजे मेलबॉक्स, अकाउंट्सचा, ४१ जीबी. जुना सर्व्हर ऑफिसातच आहे, स्टॅटिक आयपीवर, लाइन १०० एमबीपीएसची.

युजर तीन प्रकारचे. बहुतेक आउटलुकवर आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात. स्टोअर, डिस्पॅच आणि दोन जुने साहेब अजून पीओपी३ वर, म्हणजे मेल मशीनवर उतरवून घेतात, "सर्व्हरवर कॉपी ठेवा" ला टिक करून. बाकीचे वेबमेल. आणि अकाउंट्सच्या काकांनी प्रत्येक पार्टीचा वेगळा फोल्डर केला आहे, सगळे मराठीत, "मे. अमुक ट्रेडर्स", "मे. तमुक स्टील", असे शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्या आत वर्षाचे फोल्डर. एक जरी हरवला तर काका मला पगाराच्या दिवशी उभा करतील.

पोळा आणि तान्हा पोळा लागून येतात, मारबतीच्या दिवशी तसाही अर्धा स्टाफ इतवारीत मिरवणुकीला असते, तर तेव्हाच उरकून टाकावं म्हणतो. आयमॅपसिंक नावाचं टूल आहे एवढं माहीत आहे. नुसतं ते चालवलं की झालं का? काय काय राहून जाते? लोकांचे पासवर्ड मागत फिरायचं का? जरा सविस्तर सांगा.

क्लाउड_बरा

भाऊ सरळ गुगल वर्कस्पेस नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या आणि रात्री शांत झोपा. २०२५ मध्ये स्वतःचा मेल सर्व्हर कोण चालवते?

हिंगणा_एकटाच

तेच आधी मांडलं होतं भाऊ. दर डोई दर महिना असा हिशोब ६२ माणसांचा लावून दाखवला तर मालकांनी फाइल बंद करून चहा मागवला. विषय संपला तिथेच.

बर्डी_लिनक्स

क्लाउडवाल्या भाऊंचं चूक नाही पण प्रश्न तो नाही ना, माणूस विचारून राहिला एक आणि आपण सांगायचं भलतंच.

मुद्द्यावर येतो. मेल कॉपी होणं हा यातला सोपा भाग आहे. आयमॅपसिंक हे पर्लमधलं टूल, एका बाजूला आयमॅपने लॉगिन होते, दुसऱ्या बाजूला आयमॅपने लॉगिन होते, आणि एकेक मेल उचलून टाकते, वाचलेला-न वाचलेला, तारीख सगळं धरून. मधेच तुटलं तर परत चालवा, आधी गेलेलं परत जात नाही. नवीन सर्व्हरवर बसूनच चालवा.

पासवर्ड मागत फिरू नका. झिम्ब्रात अ‍ॅडमिन अकाउंटने दुसऱ्याच्या नावावर आयमॅप लॉगिन करता येते, आयमॅपसिंकमध्ये त्यासाठी ऑथयुजर१ हा ऑप्शन आहे. डव्हकॉटकडे मास्टर युजर बनवता येतो, तोच प्रकार. म्हणजे दोन्हीकडे एकेक चावी आणि ६२ डबे उघडतात. तुमच्याकडे झिम्ब्राचा प्रॉक्सी (पुढे बसून जोडणी आत पाठवणारा) लागलेला असेल तर मेलबॉक्सचा खरा आयमॅप ७९९३ पोर्टवर ऐकते, ९९३ वर प्रॉक्सी असते, दोन्हीपैकी कोणता चालते ते एका अकाउंटवर आधी पाहून घ्या.

आणि नवीन सर्व्हरवरही लोकांना जुनाच पासवर्ड ठेवता येतो. झिम्ब्राच्या एलडॅपमध्ये (युजरच्या नोंदवहीत) पासवर्डचा हॅश, म्हणजे उलगडता न येणारं रूप, असतो, झेडएमप्रोव्ह या झिम्ब्राच्या कमांडने एलडॅप मोडमध्ये युजरपासवर्ड अ‍ॅट्रिब्यूट काढला की एसएसएचए किंवा एसएसएचए५१२ ने सुरू होणारी ओळ मिळते, डव्हकॉटला हे दोन्ही समजतात. तशीच उचलून पासवर्ड टेबलमध्ये टाका. सोमवारी सकाळी ६२ माणसांना नवीन पासवर्ड वाटायची झंझट वाचते, हे छोटं वाटते पण खरं काम इथेच वाचते. ती फाइल मात्र काम झाल्यावर पुसा, डेस्कटॉपवर पडू देऊ नका.

आता साइज. तुमचं ३८० जीबी खोटं आहे. झिम्ब्रा एकाच सर्व्हरवरच्या दहा जणांना गेलेला मेल डिस्कवर एकदाच ठेवते आणि बाकीच्यांना हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव, देते. डीयू तो एकदाच मोजते. आयमॅपने काढला की दहाही जणांची वेगळी कॉपी येते. मालक रोज सगळ्या स्टाफला पीडीएफ पाठवत असतील तर आकडा किती फुगेल सांगता येत नाही. झेडएमप्रोव्हचं कोटा युसेज काढा, सगळ्यांची बेरीज करा, ती खरी साइज. त्यावर व्हीपीएसची डिस्क ठरवा. डव्हकॉटमध्ये झेडलिब प्लगइन लावून मेल कॉम्प्रेस ठेवता येतात, त्याने थोडं परत येते, पण अटॅचमेंट आधीच झिप असेल तर फार नाही.

लाइनचं पण पहा, १०० एमबीपीएस हे अपलोडचं आहे काय? तुम्हाला मेल वर चढवायचे आहेत. पूर्ण १०० मिळाले तरी ३८० जीबीला साडेआठ तास, आणि पूर्ण कधी मिळत नाहीत, लाखो बारके मेल एकेक करून जातात तेव्हा वेग आणखी बसतो. म्हणून सगळं पोळ्याच्या दिवशी करायचा विचार सोडा. पंधरा दिवस आधी पहिला हप्ता चालू करा, रोज रात्री ऑफिस सुटल्यावर चालवा, शेवटच्या दिवशी फक्त फरक राहिला पाहिजे.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांना शेवटी कळते. आयमॅपसिंक आपणहून नवीन बाजूचं काही डिलीट करत नाही. म्हणजे पहिल्या हप्त्यानंतर काकांनी इनबॉक्समधला मेल उचलून पार्टीच्या फोल्डरमध्ये टाकला, तर नवीन सर्व्हरवर तो इनबॉक्समध्येही राहील आणि फोल्डरमध्येही येईल. त्यासाठी डिलीट२ ऑप्शन आहे, तो नवीन बाजूला जे जास्तीचं आहे ते काढते. हा ऑप्शन फक्त एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर पडायचे ते सांगणारी डीएनएस नोंद) बदलायच्या आधी. एकदा का नवीन मेल नवीन सर्व्हरवर पडायला लागले की डिलीट२ चालवायचा नाही म्हणजे नाही, कारण तो त्याच नव्या मेलला जास्तीचा समजून साफ करेल. पहिल्यांदा काहीही चालवताना ड्राय ऑप्शन लावून नुसतं पाहा.

डव्हकॉट_ताई

बर्डीवाल्या दादांचं बरोबर आहे पण मी इथे आयमॅपसिंक वापरणार नाही, डव्हकॉटचं स्वतःचं डीसिंक वापरेन. तुम्ही नवीन बाजूला डव्हकॉटच ठेवत आहात, मग त्याचा फायदा घ्या ना.

फरक असा आहे. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला एक यूआयडी नंबर असतो आणि फोल्डरला यूआयडीव्हॅलिडिटी. आउटलुक, थंडरबर्ड, मोबाइल, सगळे त्या नंबरावरूनच ओळखतात की हा मेल माझ्याकडे आहे की नाही. आयमॅपसिंकने मेल टाकला की नवीन सर्व्हर त्याला नवीन नंबर देतो, क्लायंटला वाटतं हे सगळं नवंच आहे आणि तो सुरुवातीपासून सगळं परत डाउनलोड करतो. आता सोमवारी सकाळी दहा वाजता तुमच्या ऑफिसातले सगळे आउटलुक एकदम मुंबईहून आपापले जीबी ओढायला लागले की त्याच १०० च्या लाइनवर कोणाला साधी ई-वे बिलाची साइट उघडता येणार नाही. डव्हअ‍ॅडम बॅकअप (डीसिंकचीच कमांड) हा आयमॅपसी मार्गाने, म्हणजे स्वतः आयमॅप क्लायंट बनून, जुन्या सर्व्हरवरून खेचतो आणि यूआयडी, यूआयडीव्हॅलिडिटी जशीच्या तशी ठेवतो. होस्टचं नाव तेच ठेवलं तर क्लायंटला कळतही नाही की मागे घर बदललं.

फक्त लक्षात ठेवा, बॅकअप म्हणजे एकाच दिशेने हुबेहूब नक्कल, नवीन बाजूला काही वेगळं झालं असेल तर ते तो उलटवून टाकतो. वर डिलीट२ बद्दल सांगितलं तोच धोका. एमएक्स फिरवल्यानंतर उरलंसुरलं आणायचं असेल तर बॅकअप नाही, डव्हअ‍ॅडम सिंक, एकदिशी ऑप्शन लावून.

आता "मे." बद्दल, कारण मला तुमच्या काकांची जास्त काळजी वाटते आहे. झिम्ब्रात फोल्डरच्या आतला फोल्डर दाखवायला तिरकी रेघ वापरतात, त्यामुळे नावात टिंब चालतं. डव्हकॉटमध्ये मेलडिर फॉरमॅट (प्रत्येक मेलची वेगळी फाइल) नेहमीच्या मांडणीने घेतला तर डिस्कवर टिंब हाच फोल्डर वेगळे करायचा खांब आहे. तिथे "मे. अमुक ट्रेडर्स" हे नाव एकतर नाकारलं जातं नाहीतर टूल त्यात काहीतरी बदल करून टाकतं. तुमचे सगळे पार्टी फोल्डर "मे." ने सुरू होतात म्हणजे सगळेच अडकणार. "जी.एस.टी." वाले पण.

यावर एक उपाय म्हणजे सेपरेटर तिरकी रेघ ठेवून, नावातलं टिंब डिस्कवर बदलून लिहिणारा लिस्टएस्केप प्लगइन लावायचा, डेबियन १२ वर डव्हकॉट २.३ येतो त्यात तो आहे. दुसरा, मेलडिरलाच एफएस लेआउट द्यायचा, म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर खरोखरच डिरेक्टरी म्हणून बनतात. मी दुसरा घेईन आणि त्याचं कारण मराठी आहे. आयमॅपमध्ये देवनागरी नाव जसंच्या तसं जात नाही, ते बदललेल्या यूटीएफ-७ मध्ये गुंडाळलं जातं, डिस्कवर पाहिलंत तर अ‍ॅम्परसँडने सुरू होऊन डॅशने संपणारी गिचमिड दिसेल. घाबरू नका, वेबमेलमध्ये नीटच दिसतं. पण त्या गिचमिडीत एका अक्षराला, मात्रा वेलांटी वेगळी धरून, जवळपास पावणेतीन जागा लागतात. लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि नेहमीच्या मेलडिर मांडणीत पार्टी, वर्ष, महिना अशी सगळी उतरंड मिळून एकच लांब नाव बनतं. म्हणजे सगळं धरून नव्वद-पंचाण्णव अक्षरं-मात्रा झाल्या की पाटी भरली. "मे. श्री सिद्धिविनायक इंडस्ट्रियल सप्लायर्स आणि कंपनी" हे एकच नाव निम्म्याच्या वर जातं. एफएस लेआउटमध्ये प्रत्येक पातळीला स्वतःचे २५५ मिळतात.

हे मेल आणायच्या आधी ठरवा. ४१ जीबी आल्यावर लेआउट बदलायचं म्हणजे सगळं परत.

बर्डी_लिनक्स

ताई, यूआयडीचं मान्य, तिथे तुमचंच बरोबर. माझं म्हणणं एवढंच की एरर आला तर आयमॅपसिंकचा लॉग माणसाला वाचता येतो, डीसिंकचा वाचायला तुमच्यासारखं कोणीतरी शेजारी बसायला लागते. एकट्या माणसाने ते पण पाहावं.

डव्हकॉट_ताई

ते मात्र खरं आहे. आधी स्वतःच्या डब्यावर, मग काकांच्या डब्यावर करून पाहा. काकांचा सुटला तर सगळ्यांचा सुटला.

धंतोली_सपोर्ट

मी फिल्डवर आउटलुक नीट करणारा माणूस, सर्व्हरचं ज्ञान बेताचं, पण त्या पीओपी३ वाल्या साहेबांसाठी बोलतो कारण शिव्या ते सर्व्हरला देत नाहीत, समोर उभा असेल त्याला देतात.

पीओपी३ मध्ये आउटलुक कोणता मेल उतरवून झाला हे यूआयडीएल नावाच्या नंबराने लक्षात ठेवते. सर्व्हर बदलला की हे नंबर बदलतात. मग "कॉपी ठेवा" वर टिक असलेल्या साहेबांच्या इनबॉक्समध्ये दहा वर्षांचे मेल परत एकदा उतरतात, सगळे न वाचलेले, जुन्या-नव्याची खिचडी, आणि पीएसटी फाइल (आउटलुक मशीनवर मेल ठेवते ती) फुगून आउटलुक गचके खायला लागते. डव्हकॉटला यूआयडीएल पण जुनेच ठेवणारा पीओपी३ मायग्रेशन प्लगइन आहे असं ताईंना माहीत असेलच, पण तो डीसिंकसोबतच चालते आणि थोड्या लोकांसाठी मला तेवढी मेहनत पटत नाही.

सोपं करा. पीओपी३ ला फक्त इनबॉक्स दिसतो, बाकीचे फोल्डर त्याच्या लेखी नाहीतच. तर बदलायच्या दिवशी साहेबांच्या मशीनवर एकदा सेंड-रिसीव्ह मारा, सगळं उतरू द्या, आउटलुक बंद करा. शेवटचा सिंक झाल्यावर नवीन सर्व्हरवर त्यांच्या इनबॉक्समधलं सगळं "जुने मेल" फोल्डरमध्ये हलवा. इनबॉक्स रिकामा. मग आउटलुक चालू करा. परत उतरायला काही नाहीच तर उतरणार काय. वेबमेलमधून सगळं दिसतेच. हे साहेब बसले असताना करू नका, रिकामा इनबॉक्स पाहून त्यांचं बीपी वाढते.

आणि ज्यांनी "कॉपी ठेवा" ची टिक कधी काढून टाकली असेल त्यांचे मेल सर्व्हरवर नाहीतच, फक्त त्या मशीनच्या पीएसटीत आहेत. डिस्पॅचच्या पीसीच्या हार्डडिस्कचा आवाज येत असेल तर आधी ती पीएसटी कॉपी करा, मायग्रेशन नंतर.

हिंगणा_एकटाच

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. खूप आभार सगळ्यांचे. डिस्पॅचच्या पीसीचा आवाज येतेच राजेहो, तुम्ही कॅमेरा लावला आहे काय तिथे.

कोटा युसेजची बेरीज काढली, ३८० चे ६१० जीबी निघाले. व्हीपीएसवर ५०० ची डिस्क घेतली होती, ती आता वाढवून घेतो.

अजून दोन गोष्टी विचारतो. एमएक्स बदलल्यावर काही लोकांचे मेल जुन्यावर येत राहतील ते कसे धरायचे? आणि मेल सोडून बाकीचं, कॅलेंडर वगैरे?

बर्डी_लिनक्स

दुसऱ्याचं आधी. आयमॅप फक्त मेल नेते. कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, फिल्टर, वितरण याद्या, एलियास, सिग्नेचर यातलं काहीच येत नाही. कॅलेंडर झेडएममेलबॉक्सने आयसीएसमध्ये निघते, कॉन्टॅक्ट सीएसव्हीत. डव्हकॉटला कॅलेंडर नसतेच, त्यासाठी सोगो किंवा रॅडिकेल असं काही शेजारी लावा, आधी विचारा किती जण खरंच वापरतात. फिल्टर झिम्ब्रा आतून सीव्ह या फिल्टरच्या भाषेतच ठेवते, झिम्ब्रामेलसीव्हस्क्रिप्ट या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मिळतील, डव्हकॉटच्या पिजनहोलला (सीव्ह चालवणारा भाग) बरेचसे चालतात, झिम्ब्राच्या स्वतःच्या क्रिया, जसं टॅग, तेवढ्या हाताने बदला. एलियास आणि याद्या आजच काढून ठेवा, "सेल्स" वर आलेली चौकशी परत गेली तर मालक त्या दिवशी चहा नाही मागवणार.

आता पहिलं. दोन दिवस आधी एमएक्स आणि मेल होस्टच्या रेकॉर्डचा टीटीएल (बाहेरचे सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. पण नुसत्या डीएनएसवर विसंबू नका, झिम्ब्रात प्रत्येक युजरला झिम्ब्रामेलट्रान्सपोर्ट असतो, तो एसएमटीपीने नवीन सर्व्हरकडे वळवा, म्हणजे जुन्यावर कोणी मेल टाकला तरी तो आपोआप पुढे जाते. यानेच तुम्हाला सगळे ६२ एकाच दिवशी हलवायची गरज राहत नाही, आधी पाच जण हलवा, आठवडाभर पाहा. फक्त नवीन सर्व्हरवर उलट मार्ग पण द्या, न हललेल्या युजरचा मेल जुन्याकडे. आणि जुन्या सर्व्हरचा आयपी नवीनवर विश्वासू यादीत टाका, नाहीतर तो पुढे पाठवलेला प्रत्येक मेल एसपीएफला (डोमेनचे मेल कोणत्या आयपीवरून यायचे ती यादी) नापास होऊन स्पॅममध्ये पडेल.

बाहेर जाणाऱ्या मेलचं: एसपीएफमध्ये दोन्ही आयपी, डीकेआयएमला (मेलवरची डिजिटल सही) नवीन सिलेक्टर, पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) व्हीपीएसवाल्याकडून. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पीटीआर आणि एसपीएफ-डीकेआयएमपैकी निदान एक हे सगळ्यांनाच लागू केलं आहे, पीटीआर नसेल तर मेल घेतच नाहीत म्हणून समजा. आणि बरेच व्हीपीएसवाले बाहेर जाणारा २५ पोर्ट बंद ठेवतात, तिकीट टाकून उघडून घ्यावा लागतो, ते आजच करा.

डव्हकॉट_ताई

एक राहिलं. ८.८.१५ एवढे दिवस पॅच नसलेला नेटवर उघडा होता. २०२२ मध्ये त्यात सीपीआयओवालं छिद्र निघालं होतं, आलेल्या मेलची अटॅचमेंट तपासायला अमाव्हिस हा स्कॅनर ती सीपीआयओ टूलने सोडवायचा आणि नीट बनवलेली अटॅचमेंट थेट वेबच्या फोल्डरमध्ये जेएसपी फाइल (सर्व्हरवर चालणारा कोड) टाकू शकायची, कोणी मेल उघडायचीही गरज नव्हती. उपाय काय तर पॅक्स नावाचं पॅकेज लावणं, मग सीपीआयओऐवजी ते वापरलं जातं. तुमच्याकडे पॅक्स आहे का पाहा, आणि जेट्टीच्या (झिम्ब्राच्या वेब सर्व्हरच्या) वेब फोल्डरमध्ये अनोळखी जेएसपी आहेत का तेही. काही सापडलं तर जुने पासवर्ड हॅश नेण्याचा बेत रद्द, सगळ्यांना नवीन पासवर्ड, मग सोमवारी कितीही रांग लागो.

हिंगणा_एकटाच

पॅक्स आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमधलं इन्स्टॉल दाखवते. जेएसपी आज रात्री पाहतो. माझा स्वतःचा डबा डीसिंकने एफएस लेआउटवर आला, "मे. टेस्ट" आणि "जी.एस.टी." असे दोन फोल्डर मुद्दाम बनवले होते, दोन्ही टिंबासकट आले. उद्या काकांचा लावतो.

जुना सर्व्हर नंतर किती दिवस ठेवू? मालक विचारून राहिले की ते मशीन टॅलीला वापरता येईल का.

बर्डी_लिनक्स

टॅलीला द्या पण डिस्क काढून घेऊन. सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, जुन्या मेल सर्व्हरचे लॉग त्यातच आले. तोवर ती डिस्क लेबल लावून कपाटात, आणि कपाटाची चावी काकांकडे.

धंतोली_सपोर्ट

डिस्पॅचची पीएसटी कॉपी केली काय?

हिंगणा_एकटाच

हाव, चालू आहे. २२ टक्के.